घराचा बाह्यरंग : ऊन, पाऊस आणि आवड

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने हे दोन्ही अनुभव पुरेपूर घेतलेले असावेत. जागेचा शोध, कागदपत्रांची छाननी, कर्जमंजुरी, नकाशा, पाया, भिंती, छत, नळ आणि वीज अशा अनेक टप्प्यांतून जाऊन घर उभे राहते. रंगकाम हा या प्रवासातील अखेरचा टप्पा. तोवर शिल्लक आटत आलेली असते, अंगात त्राण उरलेले नसते आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त मात्र तोंडावर आलेला असतो. परिणामी आतल्या खोल्यांच्या रंगासाठी कुटुंबात आठवडाभर चर्चा झडते. पण बाहेरच्या भिंतींचा निर्णय दुकानातील ट्यूबलाइटच्या उजेडात, रंगपत्रिकेवरील टपाल तिकिटाएवढ्या चौकोनावर बोट ठेवून काही मिनिटांत उरकला जातो.

वास्तविक हाच रंग सर्वाधिक सोसतो. ऊन, पाऊस, धूळ, वाहनांचा धूर आणि समुद्रकाठी खारा वारा यांना तो बारा महिने सामोरा जातो. तो चुकला तर नुकसान केवळ नेत्रसुखाचे होत नाही. वरच्या मजल्यावरील पश्चिमेची खोली संध्याकाळी तापलेली राहते, दोन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ उमटतात आणि पाच-सात वर्षे टिकावे असे धरलेले काम तिसऱ्याच वर्षी पुन्हा परांची बांधायला लावते. ज्या कुटुंबाने पुढील वीस वर्षांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मासिक हप्त्यात गुंतवला आहे, त्याला हा वारंवार येणारा खर्च परवडणारा नसतो. म्हणूनच बाह्यरंगाची निवड थोडी शिस्तीने करणे हिताचे ठरते. या शिस्तीचे सूत्र सोपे आहे. प्रथम उन्हाचा, मग पावसाचा, त्यानंतर भिंतीचा आणि शेजाराचा विचार करावा. त्यांतून जे पर्याय शिल्लक राहतील, त्यांत अखेरचे मत आपल्या आवडीला द्यावे.

परंपरेने दिलेले धडे

कारखान्यात तयार झालेले रंग बाजारात येण्यापूर्वी घराचा रंग परिसरातूनच मिळत असे. चुनकळी विरवून केलेला चुना, गेरू, पिवडी, हिरमुज आणि नीळ एवढ्या मोजक्या सामग्रीवर भारतातील असंख्य घरे सजली. चुन्याचा थर भिंतीवर दिल्यानंतर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच्या रूपात घट्ट होतो. चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही आणि भिंतीतील ओलावाही त्यातून बाहेर पडू शकतो. चुना अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा तांदळाची पेज मिसळण्याची आणि पिवळसर झाक जाऊन तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून चिमूटभर नीळ घालण्याची पद्धत होती. रंगशास्त्राचे पुस्तक न वाचता आपल्या रंगाऱ्यांनी आत्मसात केलेले हे शास्त्रच होते.

गावाकडील घरांच्या पांढऱ्या भिंतींना जोत्यालगत गेरूचा रुंद पट्टा दिलेला असे. तो शोभिवंत दिसे हे खरे. पण त्यामागे व्यवहारही होता. पागोळ्यांचे पाणी अंगणात पडून मातीसह भिंतीवर उडते, ते नेमके खालच्या दोन-अडीच फुटांवर. मातीच्याच रंगाचा पट्टा असल्यावर ते शिंतोडे डोळ्यांना खुपत नाहीत. कोकणातील तांबड्या मातीच्या अंगणात आजही हा उपाय तितकाच उपयोगी आहे.

रंगामुळे नगराला व्यक्तिमत्त्व लाभल्याची उदाहरणेही आपल्या देशात आहेत. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवलेले जयपूर १८७६ मध्ये, सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीनिमित्त गुलाबी रंगात रंगवले गेले. लाल वालुकाश्माशी नाते सांगणारी ती गेरूची छटा पुढे त्या शहराची ओळखच बनली. २०१९ मध्ये युनेस्कोने जयपूरला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समाविष्ट केले. जोधपूरच्या जुन्या वस्तीतील निळी घरे अशीच प्रसिद्ध आहेत. पणजीच्या फोंतेन्यास भागात पिवळ्या, तांबड्या व निळ्या भिंती आणि त्यांवर खिडक्या-दारांभोवती पांढऱ्या चौकटी दिसतात. पोर्तुगीज काळात शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवला जाई आणि म्हणून घरांनी इतर रंग धारण केले, असे तेथे सांगितले जाते.

या सर्व ठिकाणी एक साम्य आहे. तेथील प्रत्येक घर स्वतंत्रपणे उठून दिसण्याचा अट्टहास करीत नाही. रंगांची संख्या मर्यादित आहे, छटा परिसराशी जुळणाऱ्या आहेत आणि म्हणून संपूर्ण रस्ता सुंदर दिसतो.

पहिला विचार : ऊन

भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी काही भाग परत फिरतो आणि उरलेला शोषला जाऊन उष्णतेत रूपांतरित होतो. रंग जितका गडद, तितके शोषण अधिक. अनेक कंपन्यांच्या रंगतालिकांत छटेच्या नावाशेजारी ‘एलआरव्ही’ म्हणजे प्रकाश परावर्तन मूल्य दिलेले असते. शून्य ते शंभर या मापपट्टीवर शुभ्र पांढरा ऐंशीच्या वर आणि काळा पाचच्या आसपास असतो. हा आकडा केवळ दृश्य प्रकाशाचा असतो. सूर्याची सुमारे निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात येते. तरीही दोन छटांची तुलना करण्यासाठी हा आकडा सर्वसाधारण ग्राहकास पुरेसा मार्गदर्शक ठरतो. उष्ण प्रदेशात भिंतीच्या मुख्य रंगासाठी साठपेक्षा अधिक परावर्तन मूल्याच्या छटा पाहणे श्रेयस्कर.

सर्वच भिंती सारख्या तापत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. महाराष्ट्राचा भूभाग कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे ते ऑगस्ट या काळात दोन दिवस असे येतात, की माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो. ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणून ते आता परिचित झाले आहेत. त्या सुमारास दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचे ऊन फारसे पडत नाही. मारा होतो तो छतावर, सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेची भिंत दिवसभर उबदार राहते. म्हणून नागपूर, जळगाव वा सोलापूर यांसारख्या ठिकाणी घराच्या दर्शनी भागास गडद रंग द्यायचाच असेल, तर तो पश्चिमेच्या भिंतीवर देऊ नये. सज्जाच्या सावलीत राहणाऱ्या अथवा उत्तरेच्या भिंतीसाठी तो राखावा. सिमला, दार्जिलिंग यांसारख्या थंड प्रदेशांत हाच हिशेब उलटा होतो. तेथे दक्षिणेच्या भिंतीवरील मध्यम गडद रंग थोडी ऊब मिळवून देतो.

उष्णतेच्या दृष्टीने भिंतींहूनही अधिक महत्त्व छताला आहे. २०१० च्या उन्हाळ्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने मोठी जीवितहानी झाली. त्यातून बोध घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती योजना अमलात आणली आणि पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला. तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये शीत छतांविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. गच्चीवर पांढऱ्या परावर्तक रंगाचा थर देणे हा घराच्या बाह्यरंगकामाचाच भाग समजावा. वरच्या मजल्यावर वृद्ध किंवा लहान मुले राहत असतील, तर दर्शनी भिंतीवरील एखादी महागडी सजावट कमी करून ते पैसे गच्चीकडे वळवणे अधिक शहाणपणाचे.

मात्र पांढरा शुभ्र रंग सरसकट योग्य, असेही नाही. भर उन्हात अशी भिंत समोरच्या घरातील माणसांचे डोळे दिपवते आणि तिच्यावर धुळीचा प्रत्येक ओघळ स्पष्ट दिसतो. हस्तिदंती, फिकट मातकट, लोण्यासारखा किंवा राखाडी झाक असलेला पांढरा अशा छटा परावर्तन आणि सौम्यता या दोहोंचा मेळ घालतात.

दुसरा विचार : पाऊस आणि ओलावा

पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीसारख्या किनारी जिल्ह्यात तीन हजारांच्या पुढे. दोन्ही ठिकाणी एकच रंग आणि एकच पद्धत कशी चालावी? पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पावसाचे सपकारे मुख्यतः पश्चिम व दक्षिण बाजूंच्या भिंतींवर बसतात. उत्तरेच्या भिंतीस ऊन कमी मिळाल्याने ती सावकाश वाळते आणि तेथे शेवाळ व बुरशी लवकर धरते. अशा भिंतीवर अतिशय फिकट रंग दिल्यास काळसर हिरवे डाग चटकन नजरेत भरतात. तेथे बुरशीरोधक घटक असलेले बाह्य इमल्शन आणि किंचित मध्यम छटा उपयुक्त ठरते.

भिंतीवर दिसणारे ओघळ हे पुष्कळदा रंगाचे नसून बांधकामाचे दोष असतात. कठड्याच्या माथ्यावर साचलेली धूळ पहिल्या पावसात भिंतीवरून खाली उतरते. कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूस उतार द्यावा, छज्जाच्या आणि खिडकीच्या पट्टीच्या खालच्या कडेला पाणी टपकून पडण्यासाठी खाच ठेवावी, पावसाच्या नळांचे सांधे तपासावेत. एवढे केले तर फिकट रंगही दीर्घकाळ स्वच्छ राहतो. हे न करता गडद रंगाने डाग झाकण्याचा प्रयत्न केल्यास काही काळाने त्या गडद रंगावर धुळीचे व क्षारांचे पांढुरके पट्टे दिसू लागतात. समुद्रकाठच्या घरांत लोखंडी गजांच्या गंजाचे तांबूस ओघळ हा आणखी एक त्रास. तेथे भिंत रंगवण्याआधी गजांचा गंज काढून त्यांवर गंजरोधक थर देणे आवश्यक असते.

रंगकामाचा हंगामही जपला पाहिजे. दिवाळीपूर्वी घर रंगवून घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु महाराष्ट्रातून मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो आणि चार महिने भिजलेली भिंत आतून वाळण्यास त्यानंतर काही आठवडे लागतात. दिवाळी ऑक्टोबरात आलेल्या वर्षी घाईने दिलेला रंग ओलावा आत कोंडून टाकतो आणि पुढे त्याला फुगे येऊन पोपडे सुटतात. अशा वर्षी सणासाठी घराच्या आतले काम उरकावे आणि बाहेरचे काम डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत करावे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा असल्याने तेथील ग्राहकांनी जानेवारीनंतरचा काळ निवडावा. भर उन्हाळ्यात काम करायचे झाल्यास ऊन ज्या बाजूस नसेल ती भिंत रंगवावी; तापलेल्या भिंतीवर रंग नीट बसण्यापूर्वीच वाळतो.

तिसरा विचार : भिंत आणि रंगद्रव्य

रंगात मुख्यतः चार घटक असतात. छटा देणारे रंगद्रव्य, ते भिंतीला धरून ठेवणारा बंधक, पातळपणा आणणारे पाणी किंवा द्रावक आणि बुरशीरोधनासारखे गुण देणारी पूरक द्रव्ये. उन्हातील अतिनील किरणांमुळे बंधक हळूहळू झिजतो. भिंतीवरून हात फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागते, ती याच झिजेची खूण.

सर्व रंगद्रव्ये सारखी टिकाऊ नसतात. लोहाच्या संयुगांपासून मिळणारे पिवळे, तांबडे व तपकिरी रंग, म्हणजेच आपली पिवडी, गेरू आणि हिरमुज यांच्या कुळातले, उन्हात दीर्घकाळ टिकतात. शतकानुशतके ते भिंतींवर राहिले ते यामुळेच. याउलट भडक लाल, जांभळा, झगझगीत पिवळा यांसारख्या अनेक छटा सेंद्रिय रंगद्रव्यांपासून बनतात आणि त्यांतील पुष्कळशा प्रखर उन्हात लवकर विटतात. शिवाय झगझगीत पिवळ्या व लाल छटांची खालचा थर झाकण्याची क्षमता कमी असल्याने दोनाऐवजी तीन हात द्यावे लागतात. असा रंग मनापासून आवडत असेल, तर तो दरवाजावर, खिडकीच्या चौकटीवर किंवा सावलीतील एखाद्या कोनाड्यात द्यावा. तेथे तो दर दोन-तीन वर्षांनी परांचीवाचून ताजा करता येतो.

नव्या गिलाव्यावर घाईने रंग देऊ नये. ताजे सिमेंट अत्यंत अल्कधर्मी असते आणि ही तीव्र अल्कता काही रंगद्रव्यांना व बंधकाला बाधक ठरते. गिलाव्यावर पुरेसे दिवस पाणी मारून झाल्यावर तो किमान चार आठवडे वाळू द्यावा. भिंतीत ओल आहे का, हे पाहण्याचा एक घरगुती उपाय आहे. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. आतील बाजूस दव जमले असेल, तर भिंत रंगासाठी तयार नाही. लोणा धरला असल्यास तो कोरड्या ब्रशने खरवडून काढावा आणि पाणी कोठून मुरते ते आधी शोधावे. लोण्यावर दिलेला रंग कितीही महाग असला, तरी तो क्षारांसह गळून पडतो.

जुन्या घरांच्या बाबतीत एक सावधगिरी महत्त्वाची आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम भारतात २०१६ मध्ये करण्यात आला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत, विशेषतः दारे-खिडक्या व गजांवरील तैलरंगांत, शिसे असण्याची शक्यता असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपायकारक आहे. जुना तैलरंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, खाली कापड अंथरून कपचे गोळा करावेत आणि काम चालू असताना मुले व गर्भवती स्त्रियांना तेथून दूर ठेवावे.

चौथा विचार : संगती

फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्रल हे पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध गालिचा व पडद्यांच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तेथील काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती त्यांच्या ध्यानात आले, की दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे. कोणताही रंग आपल्या शेजारच्या रंगामुळे वेगळा भासतो, हा सिद्धान्त त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. घराच्या रंगालाही तो तंतोतंत लागू पडतो.

म्हणून प्रथम बदलता न येणाऱ्या गोष्टींची यादी करावी. छपराची कौले, जोत्याचा दगड, फरशी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, कुंपण, अंगणातील झाडे आणि शेजारची घरे यांचे रंग ठरलेलेच असतात. तांबड्या कौलांखाली हस्तिदंती किंवा फिकट पिवडी खुलते. गुलाबीसर छटा कौलांशी भांडते. काळ्या दगडाच्या जोत्यावर उबदार पांढरा किंवा मातकट रंग शोभतो. जांभ्या दगडाची भिंत सुस्थितीत असेल, तर तिला रंगच देऊ नये. तिचा नैसर्गिक रंग कोणत्याही डब्यातून मिळणार नाही. गर्द झाडीत लपलेल्या घराला हिरवा रंग दिल्यास ते हरवून जाते. तेथे फिकट छटा उजेड आणते.

एका घरासाठी तीन रंग पुरेसे असतात. मोठ्या भिंतींसाठी मुख्य रंग, सज्जे, पट्ट्या व खांबांसाठी त्याहून थोडा फिका किंवा गडद असा सहायक रंग आणि दार, कठडे किंवा जाळ्यांसाठी मोजका उठावाचा रंग. मुख्य व सहायक रंग एकाच कुळातील असले तर चूक होण्याचा संभव कमी. घर लहान असेल तर प्रत्येक पट्टी, प्रत्येक कोपरा वेगळ्या रंगाने दाखवण्याचा मोह टाळावा. तुकड्या-तुकड्यांत रंगवलेले घर आहे त्याहून लहान दिसते.

नमुना : निर्णयापूर्वीची परीक्षा

रंगपत्रिकेवरील छटा आणि भिंतीवरील रंग यांत नेहमी अंतर पडते. मोठ्या पृष्ठभागावर आणि मोकळ्या आकाशाखाली तीच छटा अधिक फिकी व अधिक भडक भासते. त्यामुळे पत्रिकेवर जी छटा ‘अगदी हवी तशी’ वाटते, तिच्याहून किंचित करडी झाक असलेली छटा प्रत्यक्षात बहुधा योग्य ठरते.

याची खात्री करण्याचा मार्ग एकच. निवडलेल्या दोन किंवा तीन छटांचे एकेक लिटरचे लहान डबे आणावेत. प्रायमर दिलेल्या भिंतीवर प्रत्येक छटेचा किमान तीन फूट लांब-रुंद चौकोन दोन हात देऊन रंगवावा. असे चौकोन एक उन्हाच्या आणि एक सावलीच्या भिंतीवर असावेत. ते सकाळी, भर दुपारी, सायंकाळी आणि रस्त्यावरील दिव्यांच्या प्रकाशात पाहावेत. भिंतीवर पाणी मारूनही पाहावे, कारण पावसाळ्यात घर ओलेच दिसणार असते. रस्ता ओलांडून दुरून पाहावे, कारण इतरांना ते तेथूनच दिसते. दोन-तीन दिवसांच्या या परीक्षेत घरातील सर्वांना सहभागी करून घेतल्यास पुढचे वादही टळतात. पसंत छटेचे नाव, क्रमांक आणि उत्पादनाचा प्रकार वहीत लिहून ठेवावा. पुढे एखादा भाग दुरुस्त करताना हीच नोंद उपयोगी पडते.

खर्चाचे गणित

उदाहरणादाखल तीस फूट बाय चाळीस फूट आकाराचे, बावीस फूट उंचीचे दुमजली घर घेऊ. त्याची परिमिती १४० फूट, म्हणजे बाह्य भिंतींचे क्षेत्रफळ ३,०८० चौरस फूट. दारे-खिडक्यांचे सुमारे पंधरा टक्के वजा केल्यास अंदाजे २,६०० चौरस फूट उरतात. गुळगुळीत पृष्ठभागावर दोन हातांसाठी एका लिटरमध्ये सुमारे पन्नास चौरस फूट काम होते असे धरल्यास जवळपास ५२ लिटर रंग लागेल. खरबरीत गिलाव्यावर याहून अधिक. डब्यावर दिलेला आकडा आणि कंत्राटदाराचा अंदाज ताडून पाहण्यास एवढे गणित पुरेसे आहे.

या खर्चात परांची, घासकाम, भेगा बुजवणे, प्रायमर आणि मजुरी यांचा वाटा मोठा असतो. रंग स्वस्त घेतला म्हणून यांपैकी काहीही स्वस्त होत नाही. म्हणून दोन दर्जांच्या रंगांची तुलना प्रतिलिटर किमतीवर न करता, एकूण खर्चाला अपेक्षित वर्षांनी भागून करावी. तीन वर्षे टिकणारे स्वस्त काम आणि सात वर्षे टिकणारे थोडे महाग काम यांतील खरा स्वस्तपणा मग आपोआप ध्यानी येतो. कंत्राट लेखी असावे. त्यात पृष्ठभागाची तयारी, प्रायमर, हातांची संख्या, उत्पादनाचे नाव, क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत आणि रक्कम देण्याचे टप्पे नमूद असावेत. घरदुरुस्तीसाठी कर्ज घ्यायचे असल्यास असे तपशीलवार अंदाजपत्रक बँकेलाही उपयुक्त ठरते.

गृहनिर्माण संस्थेत

सदनिकाधारकांच्या बाबतीत इमारतीचा बाह्यरंग हा सामूहिक निर्णय असतो. एखाद्याने आपल्या बाल्कनीची बाहेरची बाजू स्वतंत्र रंगाने रंगवणे उचित नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सदनिकेच्या बांधकाम खर्चावर वार्षिक किमान पाऊण टक्का दुरुस्ती व देखभाल निधी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंड जमा करण्याची तरतूद आहे. हे निधी नियमित जमवणाऱ्या संस्थेला रंगकामाच्या वर्षी सभासदांकडून एकदम मोठी वर्गणी मागण्याची वेळ सहसा येत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांसाठी हा फार मोठा दिलासा असतो. रंगाची निवड करताना संस्थेने दोन-तीन संगतींचे नमुने प्रत्यक्ष भिंतीवर करून दाखवावेत आणि मग सर्वसाधारण सभेत मत घ्यावे. कागदावरील चित्रांवरून होणारे वाद भिंतीसमोर उभे राहिल्यावर पुष्कळ अंशी मिटतात.

समारोप

घराच्या आतला रंग घरच्यांसाठी असतो. बाहेरचा रंग घरच्यांना उन्हापावसापासून सांभाळतो आणि त्याच वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. म्हणून त्यात स्वतःची आवड जितकी महत्त्वाची, तितकेच हवामानाचे भान आणि शेजाराचा आदरही महत्त्वाचा. भिंत कोरडी आहे, दोष दुरुस्त झाले आहेत, पश्चिमेच्या उन्हाचा आणि गच्चीचा विचार झाला आहे, नमुना चारही प्रहरी पाहून झाला आहे आणि कंत्राट लेखी झाले आहे, एवढ्या गोष्टींची खात्री झाल्यावरच परांची बांधण्यास सांगावे. मुहूर्त जवळ आला असेल, तर गृहप्रवेश प्रायमर दिलेल्या घरातही आनंदाने करता येतो. तोरणाला आणि रांगोळीला पांढरी भिंत मुळीच वाईट दिसत नाही. रंग महिना-दोन महिन्यांनी, भिंत वाळल्यावर आणि मन स्थिर झाल्यावर द्यावा. घर पुढे कित्येक वर्षे त्याच रंगात उभे राहणार असते. त्याच्यासाठी दोन महिने थांबणे काही जड नाही.